हात कोणी भाजला

४ सप्टेंबर

ताई,

साष्टांग नमस्कार घालायला या खोलीत जागा नाही. दोन खाटा, एक खिडकी, एक खुर्ची, आणि त्या खुर्चीवर शेजारच्या शाळामास्तरांचा ओला टॉवेल कायमचा मुक्कामाला. तेव्हा बसल्या जागेवरून नमस्कार घे.

फोन दारातच काढून घेतला. नव्वद दिवस मिळायचा नाही. पत्रं मात्र हवी तेवढी लिहा म्हणतात. शाळा सुटल्यापासून मी छाती-कंबर-बाहीच्या मापांपलीकडे काही लिहिलेलं नाही हे तुला माहीतच आहे, म्हणून अक्षराला हसू नकोस. हात अजून हलतो.

इथे एक गंमत झाली. मी सांगितलं, मी कटिंग मास्तर, सगळे मला मास्तरच म्हणतात. पण इथे आधीच एक मास्तर आहेत, भूगोल शिकवणारे. आता कोणी 'मास्तर' अशी हाक मारली की आम्ही दोघंही उठतो, आणि हाक दुसऱ्यालाच असेल असं समजून दोघंही पुन्हा बसतो.

रोज सकाळी दहाला गोल करून बसायचं. अकरा खुर्च्या आणि बारावी बाईंची. बाई म्हणजे समुपदेशक. फार बोलत नाहीत. त्यांचा एकच नियम आहे आणि तो महाभयंकर आहे. आपण एरवी कसं बोलतो बघ: ग्लास फुटला, उशीर झाला, नोकरी गेली. सगळं आपलं आपण होतं, आपण नुसते बाजूला उभे. इथे असं काही बोललं की सगळा गोल एका आवाजात विचारतो, "कोणी?" ड्रायव्हर म्हणाला, "बस खांबाला लागली." "कोणी?" बिचाऱ्याने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाला, "मी घातली." आणि हुंदके देऊन रडायला लागला.

माझी पाळी आली. मी म्हटलं, पिणं जरा जास्त झालं. "कोणी?" मी म्हटलं, बरं बाबांनो, मी प्यायलो, जरा जास्त. तर समोरची नर्स विचारते, "जरा?" ही बाई औषधांच्या कपाटातल्या गोळ्या खाऊन इथे आली आहे आणि माझा 'जरा' मोजतेय.

दुकान कसं आहे? शाळांच्या गणवेशांचं कापड आलं का? आणि आपल्या धांदरटचा हात कसा आहे? तिला सांग, इथे इस्त्री नाही, म्हणून मामा सुखरूप आहे.

तुझा,
मास्तर (दोन नंबरचा)


९ सप्टेंबर

मास्तर,

तुझं पत्र आलं. अक्षर खरंच भयंकर आहे, पण तू प्यायल्यावर मापं लिहायचास त्यापेक्षा बरं आहे. तेव्हा एकदा कंबर बावन्न लिहिली होतीस आणि गिऱ्हाईक काडीसारखं होतं.

गणवेशांचं कापड आलं. मी कापतेय. तुझ्याइतकं सफाईने जमत नाही, पण कोणी तक्रार केलेली नाही. गिऱ्हाइकं विचारतात, त्यांना मी सांगते की तू पाठीच्या उपचाराला गेला आहेस. तू परत आल्यावर जरा पाठीला हात लावून चालत जा.

तुझा तो 'कोणी?'चा नियम मला काही पटला नाही. माणूस आधीच खचलेला, त्याला आणखी कशाला टोचायचं? पण त्यांना जास्त कळतं, म्हणून गप्प बसते.

तिच्या हाताचं म्हणशील तर चांगलं चाललं आहे. व्यायामाला नेते. दोन बोटं अजून पूर्ण वळत नाहीत. काळजी करू नकोस. तू फक्त बरा हो.

ताई


१५ सप्टेंबर

ताई,

काल गोलात प्रत्येकाला एकच काम दिलं होतं. पिऊन केलेली सर्वात वाईट गोष्ट सांगायची.

मी कोटाची सांगितली. आठवतो ना, त्या टपाल कचेरीतल्या साहेबांचा, मुलीच्या लग्नासाठी शिवायला टाकलेला? मी म्हटलं, "कापताना मी माया सोडली नाही, म्हणून कोट चार बोटं तोकडा पडला." यावर नर्सने माझा हात धरला आणि म्हणाली, "माया सोडली नाहीत ना? मग अजून काही बिघडलेलं नाही." तिचे डोळे भरून आलेले. मला आधी कळेचना. मग समजावून सांगितलं की शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात, पुढे कपडा सैल करायला लागला तर असावं म्हणून, त्याला आम्ही माया म्हणतो. सगळा गोल हसला. बाईसुद्धा हसल्या.

मग शाळामास्तर म्हणाले, "कोट झाला. घरातलं सांगा." त्यांनी स्वतः बायकोला ढकललं होतं, ते आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी छाती पुढे काढून म्हटलं, घरातलं सांगण्यासारखं माझ्याकडे नाही. मी दुकान बुडवलं असेल, गिऱ्हाइकं तोडली असतील, पण ताईला आणि भाचीला कधी बोट लावलं नाही. ताई, माझ्याजवळ एवढी एकच चांगली गोष्ट उरली आहे. इथे सकाळी उठायला मला तीच पुरते.

मग हसण्याचा विषय निघाला म्हणून आपल्या धांदरटची गोष्ट सांगितली. म्हटलं, आमच्याकडे एवढी हुशार पोरगी, डोळे मिटून हाताने काजं करणारी, बटण त्यातून लोण्यासारखं जायचं, आणि एक दिवस इस्त्रीने हात भाजला. सवयीने सगळे ओरडले, "कोणी?" मी म्हटलं, "अहो तिचा तिनेच, धांदरट आहे!" ड्रायव्हर हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुम्ही पाहिलंत?" मी म्हटलं, नाही, मला दुसऱ्या दिवशी ताईने सांगितलं.

अठ्ठावीस तारखेला रविवारी घरच्यांनी यायचं आहे. तेही गोलात बसतात. तू ये. तिलाही आण. तुझ्या तोंडून लोकांनी ऐकलं की मला बरं वाटेल.

तुझा मास्तर


१८ सप्टेंबर
(हे पत्र पाठवलं नाही. मापांच्या वहीत राहिलं.)

मास्तर,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तिला वाचायला दिलं नाही. पहिल्यांदाच दिलं नाही.

तुझ्या बाईंनी बरोबर विचारलं. तू पाहिलं नाहीस. म्हणजे तू तिथेच होतास, पण पाहण्याच्या अवस्थेत नव्हतास. गेल्या थंडीतली गोष्ट, कोटांची घाई होती. भर दुपार होती. मी अस्तर आणायला बाजारात गेले होते. परत आले तर दुकानात जळक्या लोकरीचा वास आणि तुझा आरडाओरडा. तू इस्त्री एका कोटावर ठेवून तशीच धरून उभा होतास. ती म्हणत होती, मामा सोड, कापड जळतंय. तिने इस्त्री काढून घ्यायला हात घातला. तू तिचा हात झटकलास, आणि मग टेबलावरच्या त्या हातावर इस्त्री ठेवलीस. चुकून ठेवलीस की रागाने, ते मी दारातून पाहिलं तरी मला आजवर ठरवता आलेलं नाही. ती ओरडल्यावर तू उचललीस. मग तिथेच खाली बसलास आणि झोपलास. मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं तेव्हा तू घोरत होतास.

दुसऱ्या दिवशी तू पट्टी पाहून विचारलंस, काय झालं? मी म्हटलं, "इस्त्रीने हात भाजला तिचा." मी खोटं बोलले नाही रे. फक्त कोणी, ते सांगितलं नाही. तू म्हणालास, "धांदरट कुठली!" आणि तिच्या डोक्यावर टपली मारलीस. ती माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली, बोलू नकोस अशी. तेव्हापासून ती धांदरट. गिऱ्हाइकंसुद्धा तिला तेच म्हणतात, आणि ती ओ देते.

मला वाटलं, तुला कळलं तर तू स्वतःचं काही बरंवाईट करून घेशील, नाहीतर बाटलीत बुडशील. आता वाटतं, तू न सांगताही बुडालासच. मी कापडात सोडावी तशी तुझ्याभोवती माया सोडत गेले आणि ती सगळी आतून तिला टोचत राहिली.

तू लिहितोस, ही एकच चांगली गोष्ट उरली आहे. ती मी कशी काढून घेऊ? आणि नाही काढली तर तिला काय सांगू?


१९ सप्टेंबर

मास्तर,

पत्र मिळालं. मायेचा किस्सा वाचून खूप हसले.

रविवारी मी येते. तिची परीक्षा आहे, त्यामुळे ती येणार नाही. इकडे सगळं ठीक आहे.

ताई


३० सप्टेंबर

ताई आणि धांदरट,

हे पत्र दोघींना आहे. दोघींनी मिळून वाचा.

ताई, तू आलीस, अंगावर तो निळा कोट घालून आलीस, मीच कापलेला, आणि गोलात माझ्या शेजारी बसलीस, यातच मला सगळं मिळालं. मी तुला सगळ्यांसमोर विचारलं, "सांग ताई, मी घरात कधी कोणाला इजा केली का?" तू कोटाचं बटण चाचपलंस. मग म्हणालीस, "नाही." शाळामास्तरांनी मान खाली घातली. त्यांची बायको आलीच नव्हती. मला त्यांची कीव आली, आणि खरं सांगतो, थोडा अभिमानही वाटला.

बाईंनी तुला पुन्हा विचारलं तेव्हा तू पाणी मागितलंस. इतक्या माणसांसमोर बोलायची तुला सवय नाही, हे मी त्यांना नंतर समजावून सांगितलं.

आज तेहतीस दिवस झाले. चुकलो, तेहतीस दिवस मी प्यायलो नाही. हात थरथरत नाही. स्वयंपाकघरातल्या मावशींच्या एप्रनचा खिसा शिवून दिला, टीप सरळ आली.

धांदरट, तुझ्यासाठी बेत ठरवलाय. घरी आलो की पहिलं काम म्हणजे तुला इस्त्री धरायला नीट शिकवणार. कापडावर कशी सरकवायची, हात कुठे ठेवायचा, सगळं. म्हणजे पुन्हा असा वेंधळेपणा व्हायचा नाही.

तुमचा मास्तर


४ ऑक्टोबर

मामा,

मी धांदरट नाही.

आई दुकानात आहे. तिला न विचारता लिहितेय. डाव्या हाताने लिहितेय, म्हणून अक्षर असं आहे. उजव्याने लिहिलं की दहा ओळींनंतर बोटं आखडतात.

तुझं पत्र आईने मोठ्याने वाचलं. इस्त्री शिकवणार तिथपर्यंत आली आणि थांबली. मग म्हणाली, चहा टाकते. चहा टाकला आणि तो उतू जाईपर्यंत बघत उभी राहिली.

काल एका मुलीचं स्कर्टचं माप लिहायला वही उघडली तर त्यात आईचं हे पत्र होतं. तुला लिहिलेलं आणि न पाठवलेलं. सोबत घालतेय. त्यात लिहिलंय तसंच घडलं. एक गोष्ट आईला माहीत नाही, कारण ती तू हळू म्हणालास, दारापर्यंत ऐकू गेली नाही. इस्त्री ठेवायच्या आधी तू म्हणालास, "मला शिकवतेस?" म्हणून मला वाटतं ते चुकून नव्हतं. पण तू तेव्हा तू नव्हतास असं सगळे म्हणतात, तर मग कोण होतं ते मला माहीत नाही.

मला तुझा राग येतो. तू नसतोस तेव्हा जास्त येतो. हात दुखतो त्याचा तेवढा येत नाही. तू दुसऱ्या दिवशी हसलास आणि आम्ही दोघी तुझ्याबरोबर हसलो, त्याचा येतो. शाळेतही मला धांदरट म्हणतात आता. मी कधी सुई पाडली नव्हती, मामा. तूच सगळ्यांना सांगायचास.

आई म्हणते तुला कळलं तर तू पुन्हा पिशील. मग माझ्यामुळे प्यायलास असं होईल. हे मी बरेच दिवस धरून बसले होते. पण तुमच्याकडे तो नियम आहे ना, म्हणून विचारते. माझा हात भाजला. कोणी?

तुझी भाची


१२ ऑक्टोबर

मास्तर,

परवा केंद्रातून फोन आला. तू सही करून बाहेर पडलास आणि दोन दिवस परतला नव्हतास. आता परत आलास एवढंच सांगतात, बाकी काही सांगत नाहीत. कसा आहेस? जेवतोस का? दोन ओळी लिही रे.

तिने पत्र पाठवल्याचं मला फोननंतर सांगितलं. पहिल्यांदा मी तिच्यावरच ओरडले. म्हटलं, बघ काय झालं तुझ्यामुळे. तिने नुसता हात माझ्यापुढे धरला. तो हात मी रोज तेल लावून चोळते, पण तसा कधी बघितला नव्हता.

तिच्यावर रागावू नकोस. तिचं काही चुकलेलं नाही. हे सगळं लपून राहिलं... नाही. मी लपवलं. मी तिला गप्प बसवलं, आणि त्या दिवशी गोलात तुझ्या तोंडावर मी खोटं बोलले. तुला वाचवायला म्हणत होते, पण भाऊ असा आहे हे लोकांना कळू नये, हेही त्यात होतं. तुमचा नियम मला पटत नाही असं म्हटलं होतं. अजूनही पटत नाही, पण रात्रंदिवस कानात तोच घुमतो.

ताई


२० ऑक्टोबर

प्रिय ,

वरची जागा मोकळी सोडली आहे. तिथे इतके दिवस जे लिहीत होतो ते आता लिहवत नाही. तुझं खरं नाव लिहायला गेलो तर वाटलं, ते घ्यायचा मला अजून हक्क नाही. तेव्हा तिथे काय हवं ते तूच लिही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी गोलात गेलो नाही. दुपारी सही करून बाहेर पडलो. बस थांब्यापर्यंत चालत गेलो. घरी यायचं मनात होतं, असं मी स्वतःला सांगत होतो. थांब्याच्या मागे दारूचं दुकान आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी प्यायलो. दोन दिवस प्यायलो. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर आणि बाई मला बागेतल्या बाकावरून घेऊन आले. बूट कुठे सोडले ते आठवत नाही.

हे नीट वाच. तुझ्या पत्रामुळे मी प्यायलो नाही. पत्राने बाटली उघडत नाही. मी उघडली. तुझी आई म्हणेल, कोणी म्हणेल, तुझ्या स्वतःच्या मनात येईल, तेव्हा ही ओळ काढून त्यांना दाखव.

ती दुपार मला आठवत नाही. फार प्रयत्न केला. लोकरीचा वाससुद्धा आठवत नाही. पहिल्यांदा वाटलं, आठवतच नाही तर ते मी कसं केलं? मग शाळामास्तर म्हणाले, "तुम्हाला आठवत नाही म्हणून तिच्या हातावरचा डाग जातो का?" तू आणि ताई म्हणता तसंच घडलं. "मला शिकवतेस?" हे माझेच शब्द आहेत. मी ते शुद्धीवर असतानाही म्हणतो. तेव्हा मीच होतो, दुसरं कोणी नव्हतं.

काल गोलात पुन्हा माझी पाळी आली. मी उभा राहिलो, खरं तर इथे उभं राहायचं नसतं. मला आधीपासून एकच भीती होती की मी काहीतरी सारवून बोलेन, आणि ते दहा जण एकदम विचारतील. मी म्हटलं, "मी माझ्या भाचीचा हात इस्त्रीने भाजला, आणि मग तिलाच धांदरट म्हटलं." कोणीही काही विचारलं नाही. नर्सनेसुद्धा. इतके दिवस मला त्या प्रश्नाचा जाच वाटायचा, काल तो कोणी विचारावा असं वाटत होतं.

माफ कर असं लिहीत नाही. ते लिहिलं की तुला उत्तर द्यावं लागेल.

दिवस पुन्हा एकपासून मोजतोय. आज दहावा आहे. इस्त्री शिकवायचं मी म्हटलं होतं ते खोडून टाक. मी आल्यावर इस्त्रीच्या टेबलाजवळ मी यायचं की नाही, ते तू ठरव. आणि तुझ्या आईला सांग, गिऱ्हाइकांना माझ्या पाठीचं काही सांगू नकोस. माझी पाठ ठणठणीत आहे.

मामा


२७ ऑक्टोबर

मामा,

पत्र मिळालं. ती ओळ आईला दाखवली. तिने पत्र हातात घेतलं आणि बराच वेळ परत दिलं नाही.

वरच्या जागेत मी 'भाची' लिहिलंय, कापडावरच्या खडूने. पुसता येतो म्हणून. नावाचं तू आल्यावर बघू. तू हाक मारशील तेव्हा कसं वाटतं त्यावर आहे.

काल टपाल कचेरीतले ते साहेब आले होते, तोकड्या कोटवाले. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, काय धांदरट, हात बरा का? मी म्हटलं, "मी धांदरट नाही. माझा हात मामाने भाजला. तो दारू पितो, आता उपचाराला गेलाय." ते जागच्या जागी अवघडले. आईने मशीन थांबवलं होतं. मला वाटलं आता ती पाठीचं सांगेल. ती म्हणाली, "खरं आहे." मग पुन्हा टीप मारायला लागली. साहेब पँट टाकून गेले.

इस्त्रीच्या टेबलाजवळ तू यायचं नाहीस. सध्या तरी नाही. कात्रीचं आईला विचार.

सोबत कापडाचा एक तुकडा पाठवतेय. त्यावर मी काज केलंय, डाव्या हाताने. सगळी दुपार लागली. उसवून नीट करायला जाऊ नकोस. वाकडं कोणामुळे झालंय ते आपल्याला माहीत आहे. पण केलंय मी.

भाची